मेंदूच्या चित्रातला लाल डाग नेमका कुठे संपतो?

दशांश

गेल्या महिन्यात मामेभावाच्या डोक्यातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं. गाठ डाव्या बाजूला, बोलण्याच्या भागाच्या शेजारी. आधी एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारं स्कॅन) करून भाषेचा भाग गाठीपासून किती लांब आहे ते बघू, असं सर्जन म्हणाले. पठ्ठ्याला मशिनमध्ये झोपवून सांगितलं, 'क' ने सुरू होणारे शब्द मनातल्या मनात आठवत राहा. वीस सेकंद शब्द, वीस सेकंद आराम, असं पाच मिनिटं. बाहेर आल्यावर म्हणाला, "कांदा, कढई, कपाट, कावळा... मग डोकं रिकामं. पुढच्या फेरीत 'म' दिला, तर मटण सोडून काही सुचेना."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला चित्र दाखवलं. करडा मेंदू, त्यावर लाल-पिवळा डाग, गाठीपासून दीडेक सेंटिमीटरवर. सगळ्यांना हायसं वाटलं. मग त्यांनी स्क्रीनच्या कडेची एक पट्टी माऊसने जरा खाली ओढली. डाग पसरला आणि गाठीला जाऊन भिडला. पट्टी वर नेली, तर डाग आक्रसून दोन बारीक ठिपके उरले. मामी म्हणाली, "अहो, पण यातलं खरं कुठलं?"

डॉक्टर म्हणाले, "तिन्ही."

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं आणि मध्ये चार वर्षं एका प्रयोगशाळेत याच प्रकारच्या डेटासाठी प्रोग्रॅम लिहिले. त्यामुळे ती पट्टी काय चीज आहे ते मला माहीत होतं. तरीही पोटात गोळा आला. मामीला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी मशिन मोजतं काय ते बघू. चेतापेशी काम करताना चमकत वगैरे नाहीत. मेंदूच्या एखाद्या भागाचं काम वाढलं की तिकडे ताजं रक्त येतं, आणि गरजेपेक्षा जास्तच येतं. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं, ऑक्सिजनवालं करत नाही. हा फरक लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६मध्येच दाखवला होता. त्याचा उपयोग करून मेंदूचं चित्र काढता येतं, हे सेइजी ओगावा यांनी १९९०मध्ये बेल लॅब्जमध्ये उंदरांवर दाखवलं. माणसांवरचे पहिले प्रयोग १९९२मध्ये आले. या सिग्नलला 'बोल्ड' म्हणतात, पण नावाइतका तो ठळक नाही. एक-दोन टक्क्यांचा बदल, तोही पाच-सहा सेकंद उशिरा टोकाला पोचणारा. त्यात श्वास, नाडी, मशिन तापल्याने सरकत जाणारा पाया, आणि नाकाला खाज सुटली म्हणून हललेलं डोकं. हा सगळा गोंगाट सिग्नलएवढाच मोठा, कधीकधी त्याहून मोठा.

आता मेंदूचे तीन-तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करा, बर्फीच्या वड्या पाडल्यासारखे. एका वडीला व्हॉक्सेल म्हणतात. सोयीसाठी एक लाख धरू. दर दोन सेकंदांनी प्रत्येक वडीचा एक आकडा, म्हणजे पाच मिनिटांत १५० आकडे. 'शब्द-आराम-शब्द-आराम' या वेळापत्रकाला रक्ताच्या उशिराचा आकार देऊन एक अपेक्षित लहर तयार करतात. ती लहर त्या १५० आकड्यांवर बसवून बघायची: किती बसते, आणि उरलेल्या गोंगाटाच्या मानाने किती ठसठशीत बसते. त्या भागाकाराला 'टी' म्हणतात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवतो तेच लिनिअर मॉडेल, एक लाख वेळा. लंडनमध्ये कार्ल फ्रिस्टन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसपीएम हे सॉफ्टवेअर काढून ही रीत रुळवली, आणि आजही बहुतेक कामाचा पाया तोच आहे.

म्हणजे त्या चित्रात कॅमेऱ्याने टिपलेला असा एकही लाल ठिपका नाही. एक लाख वड्यांची परीक्षा झाली, आणि ज्यांचे गुण उत्तीर्णाच्या रेषेवर गेले त्यांना रंग दिला. डॉक्टरांची पट्टी म्हणजे ती रेषा.

रेषा कुठे आखायची हा खरा तिढा. 'पाच टक्के' ही नेहमीची रेषा घेतली, तर पेशंट मशिनमध्ये घोरत पडला असला तरी लाखातल्या ५,००० वड्या निव्वळ योगायोगाने लाल होतील. हजारात एक अशी कडक रेषा घेतली तरी १००.

याचं सगळ्यात गाजलेलं प्रात्यक्षिक एका माशाने दिलं. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातून आणलेला एक अटलांटिक सामन मशिनमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि 'या व्यक्तीला काय वाटत असेल' असं रीतसर विचारलं. मासा मेलेला होता. हजारात एकच्या रेषेवर ८,०६४ पैकी १६ व्हॉक्सेल 'सक्रिय' निघाले, त्यातले काही चक्क मेंदूच्या पोकळीत. २००९च्या एका परिषदेत त्यांनी याचं पोस्टर लावलं आणि २०१२मध्ये त्यांना इग नोबेल हे गमतीशीर संशोधनाचं पारितोषिक मिळालं. एकदम हजारो चाचण्या केल्या म्हणून करावी लागते ती दुरुस्ती लावल्यावर मासा पुन्हा मेला.

चुभूद्याघ्या. ऑपरेशनचं शेवटी सांगतो.

सुपारी

रुमाल टाकून ठेवते. पण आधी भावाचं सांगा ना, असं काय करता!

दशांश

सुपारी, घरी आहे, कुरकुर करतोय, म्हणजे ठीक आहे. :)

तिरकीट

मस्त धागा. सुरमई असती तर प्रयोगानंतर तव्यावर गेली असती, सामनचं काय झालं देव जाणे.

एक शंका. ८,०६४ ला हजाराने भागलं तर ८ येतात. मासा मेलेला होता तर १६ कसे? दुप्पट झाले की!

दशांश

तिरकीट, बरोबर पकडलंत. ८ ही सरासरी आहे. शिवाय शेजारशेजारच्या वड्यांमधला गोंगाट सारखा असतो. एक वडी चुकून लाल झाली की तिच्या शेजारणीही होतात. त्यामुळे खोटे ठिपके सुटेसुटे येत नाहीत, घोळक्याने येतात. कधी शून्य, कधी तीस. घोळका दिसला की बघणाऱ्याला वाटतं, 'एवढे एकत्र आहेत म्हणजे खरंच काहीतरी असणार.' वाट्टेल तेवढ्या हुशार माणसांना असं वाटलेलं आहे.

पाटीपेन्सिल

मी शाळेत गणित शिकवते. यावर सोपा उपाय आहे की! चाचण्या एक लाख, तर पाच टक्क्यांना एक लाखाने भागा. मग सगळ्या मेंदूत मिळून एखादा तरी खोटा ठिपका येण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत. बॉनफेरोनी ना?

दशांश

हो ताई, बॉनफेरोनीच. पण मग रेषा येते दोन कोटीत दहा, म्हणजे वीस लाखांत एक. तिथे खोटे ठिपके जातात आणि त्यांच्याबरोबर खरेही. वर लिहिलं तसे शेजारी एकमेकांची कॉपी करत असतील, तर खऱ्या अर्थाने स्वतंत्र चाचण्या लाख नाहीतच. त्यातून चित्र मुद्दाम थोडं धूसर करायची पद्धत आहे, गोंगाट बसावा म्हणून. सहा-आठ मिलिमीटरचा हात फिरवला की शेजारी आणखी सारखे होतात. मग भागायचं कितीने? पाचशे? पाच हजार?

याचं उत्तर संख्याशास्त्रज्ञ कीथ वर्स्ली यांनी दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली ती सर्वांत देखणी कल्पना आहे. जरा सावकाश सांगतो.

राजगडावर पहाटे उभे राहिलात आणि खाली दाट धुकं असेल, तर काय दिसतं? धुक्याच्या समुद्रातून वर आलेली बेटं. तोरणा, लांबवर सिंहगड, मधल्या दोन-चार सोंडा. धुकं खाली उतरलं की बेटं रुंदावतात, एकमेकांना जोडली जातात, मध्ये धुक्याची तळी अडकून राहतात. धुकं वर चढलं की बेटं कमी होत जातात, शेवटी एखादंच उरतं, मग तेही बुडतं.

टीच्या नकाशाचंही तसंच. रेषा म्हणजे धुक्याची पातळी. बेटांमधून बोगदे वजा करायचे, आतल्या बंद पोकळ्या मिळवायच्या, की एक आकडा येतो. त्याला ऑयलर कॅरेक्टरिस्टिक म्हणतात. पातळी पुरेशी उंच असली की बोगदे आणि पोकळ्या नसतातच, उरतात फक्त बेटं. आणखी वर गेलात की एक बेट किंवा एकही नाही. मग या आकड्याची सरासरी म्हणजेच 'निव्वळ गोंगाटात एखादं तरी बेट डोकं वर काढेल' याची शक्यता! आणि गोंगाट किती मऊ आहे हे माहीत असेल, तर ही सरासरी कागदावर सूत्राने काढता येते. यामागचं गणित रॉबर्ट ॲडलर यांनी आधीच करून ठेवलं होतं. वर्स्ली यांनी १९९२मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ते मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या पेट स्कॅनला लावलं. डोंगर मोजायचं गणित मेंदूत कामाला आलं. मी पहिल्यांदा ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. (हो, आमच्यासारख्यांची करमणूक अशीच असते.)

सुपारी

म्हणजे हे पेटीतल्या हापूससारखं झालं. एकही नासका चालणार नाही म्हटलं की निम्मी पेटी शंकेपायी बाजूला काढावी लागते.

दशांश

सुपारी, तुम्ही न कळत पुढचा धडा सांगितलात. 'पेटीत एकही नासका नको' हा वर्स्ली-बॉनफेरोनी पंथ. दुसरा पंथ म्हणतो, पेटीत ठेवलेल्या आंब्यांत सरासरी वीसात एखादा नासका निघाला तरी चालेल, पण चांगले फुकट घालवू नका. इस्रायलच्या बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी १९९५मध्ये त्याची रीत दिली, ती मेंदूच्या चित्रांत २००२पासून आली. गोम अशी की कुठला आंबा नासका आहे ते ही रीत सांगत नाही. एकूण हिशेब सांगते, बस.

मृद्गंध

थोडक्यात काय, सगळं थोतांड! पट्टी ओढली की हवं ते चित्र. पेपरात रोज येतं, 'प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग उजळतो'. आता कळलं कसा उजळतो ते.

रातराणी

मृद्गंध, थोतांड नाही हो. मी जर्मनीत याच क्षेत्रात पोस्टडॉक करते. उजव्या हाताची बोटं हलवली की डाव्या बाजूचा कारक पट्टा (हालचाली सांभाळणारा भाग) दिसतोच. कुठल्याही मशिनवर, जवळपास कुठलीही रेषा घ्या. पाणी गढूळ होतं ते बारीक परिणामांत: 'आशावादी लोकांत हा भाग किंचित जास्त' वगैरे.

आणि दशांश, डोंगराचं वर्णन आवडलं, पण तुम्ही गोष्ट अर्ध्यात सोडलीत. वर्स्लींच्या गणिताला काही गृहीतकं लागतात आणि ती सगळीकडे टिकत नाहीत. बेटाची उंची बघायची की क्षेत्रफळ, असे दोन मार्ग आहेत. लोकांना क्षेत्रफळ आवडतं, कारण त्यात जास्त काहीतरी सापडतं. आधी एक सैल पातळी धरायची, मग 'एवढं मोठं बेट योगायोगाने येणार नाही' म्हणायचं. स्वीडनच्या लिंशॉपिंगमधले आंदेर्स एक्लुंड, हान्स क्नुटसन आणि इंग्लंडमधले थॉमस निकोल्स यांनी २०१६मध्ये याची झडती घेतली. त्यांनी ४९९ निरोगी लोकांचे असे स्कॅन वापरले, ज्यांत लोक नुसते पडून होते. मग त्यांना खोटं वेळापत्रक चिकटवलं, जणू ते काही काम करत होते, आणि गटागटाने तीसेक लाख विश्लेषणं केली. खोटे निकाल पाच टक्के यायला हवे होते. पातळी सैल असताना काही ठिकाणी ते ७० टक्क्यांपर्यंत गेले. कारण काय, तर गोंगाटातलं शेजाऱ्यांमधलं साम्य अंतराप्रमाणे घंटेच्या आकाराने कमी होतं असं धरलं होतं. प्रत्यक्षात त्याची शेपटी लांब निघाली. शिवाय एएफएनआय या सॉफ्टवेअरच्या एका भागात १५ वर्षं एक चूक राहून गेली होती, ती २०१५मध्ये दुरुस्त झाली.

वर्तमानपत्रांनी '४०,००० शोधनिबंध कचऱ्यात' असे मथळे दिले. तो आकडा मूळ निबंधातलाच, पण लेखकांनी तो नंतर मागे घेतला. निकोल्स यांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा खरोखर धोक्यातले साधारण ३,५०० निघाले. त्याच हिशेबात आणखी एक आकडा होता, जो कुणी छापला नाही: ज्यांत काहीही दुरुस्ती केली नव्हती असे निबंध सुमारे १३,०००. माझ्या मते बातमी ती होती.

पाटीपेन्सिल

मग भरवसा कशावर ठेवायचा? गृहीतकंच नकोत अशी काही सोय आहे का?

रातराणी

अगदी नकोत असं नाही, पण कमीत कमी अशी आहे. परम्युटेशन. समजा १२ जणांचा गट आहे. प्रत्येकाचा 'काम वजा आराम' असा नकाशा तुमच्याकडे आहे. परिणाम मुळातच नसेल, तर कुणाचाही नकाशा अधिकचा उणे केला तरी काही बिघडत नाही. मग करा सगळी अदलाबदल: दोनाचा बारावा घात, ४,०९६ प्रकार. प्रत्येक वेळी अख्ख्या मेंदूतलं सर्वांत उंच शिखर तेवढं टिपून ठेवा. खरं शिखर त्या ४,०९६च्या यादीत वरच्या पाच टक्क्यांत आहे का बघा. संपलं. घंटा नको, शेपटीची भानगड नको. निकोल्स आणि होम्स यांनी २००२मध्ये हे सोपं करून सांगितलं. आधी संगणक पुरे पडत नसत, आता जेवून येईपर्यंत होतं. पाचच माणसं असतील तर मात्र ३२ प्रकार, म्हणजे कितीही ठळक निकाल असला तरी ३२त एकच्या खाली जाता येत नाही. गरिबाला गरिबी लपवता येत नाही, हा मी या रीतीचा गुणच मानते.

घाटवाट

न्यूरॉलॉजिस्ट आहे, ओपीडी आटपून लिहितोय, म्हणून त्रोटक.

इथे सगळे खोट्या ठिपक्यांच्या मागे लागलेत. मला न दिसलेल्या खऱ्या ठिपक्यांची भीती वाटते. दशांश यांच्या भावाच्या केसमध्ये वर्स्ली, बॉनफेरोनी, परम्युटेशन सगळं लावून 'गाठीजवळ काही नाही' असं आलं आणि सर्जनने तिथे कापलं, तर? शोधनिबंधात खोटा ठिपका आला तर कुणाचं तरी संशोधन भरकटेल. ऑपरेशनमध्ये खरा ठिपका राहिला तर माणूस बायकोचं नाव घेऊ शकणार नाही. म्हणून आम्ही मुद्दाम सैल रेषा ठेवतो. त्यात भर म्हणजे गाठीजवळच्या रक्तवाहिन्या नीट प्रतिसाद देत नाहीत. पेशी काम करत असतात, रक्त वाढत नाही, नकाशा कोरा. काळा भाग म्हणजे रिकामा भाग, असं समजणाऱ्याने सर्जरीच्या वाटेला जाऊ नये.

दशांश

डॉक्टर, मान्य. मी धाग्यात 'उत्तीर्णाची रेषा' म्हणताना ती कुणासाठी हे लिहिलंच नाही.

घाटवाट

आणखी एक केस सांगतो, वाचलेली. इंग्लंडमधली २३ वर्षांची मुलगी, रस्त्यावरच्या अपघातानंतर पाच महिने व्हेजिटेटिव्ह अवस्थेत. डोळे उघडे, प्रतिसाद शून्य. एड्रियन ओवेन यांच्या गटाने तिला मशिनमध्ये ठेवून सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. मग, घरातल्या खोल्यांतून फिरतेयस अशी. दोन्ही वेळी निरोगी माणसांत उजळतात तेच भाग उजळले. २००६मध्ये हे छापून आलं. २०१०मध्ये जाणिवेचे गंभीर विकार असलेल्या ५४ पेशंटपैकी ५ जण मेंदूने सूचना पाळताना दिसले. एकाने तर 'हो'ला टेनिस आणि 'नाही'ला घर असं करून वडिलांच्या नावासारख्या साध्या प्रश्नांची उत्तरं दिली. उरलेल्या ४९ जणांच्या नातेवाइकांना काय सांगाल? आत कुणी नाही? मी तरी सांगणार नाही.

रातराणी

डॉक्टर, तुमचं पटतंय, पण या गोष्टीला पुढचं प्रकरण आहे. २०११मध्ये त्याच वर्तुळातून ईईजीचा निबंध आला. डोक्याला तारा लावून मेंदूच्या विद्युतलहरी टिपणारं, स्वस्त, खाटेशेजारी नेता येणारं मशिन. मूठ आवळायची कल्पना करा, पायाची बोटं हलवायची कल्पना करा. १६पैकी ३ पेशंट 'जागे' निघाले. दुसऱ्या एका गटाने मूळ डेटा मागून घेतला आणि २०१३मध्ये लिहिलं, की एका पाठोपाठ केलेल्या प्रयत्नांना तुम्ही स्वतंत्र धरलंय, ते तसे नाहीत. ते सुधारलं तर तिघांपैकी कुणाचाही निकाल टिकत नाही. मूळ लेखकांना ते मान्य नव्हतं, वाद झाला. विचार करा, त्या तीन घरांत 'आत तुमचं माणूस आहे' असं कुणी सांगितलं असेल तर? खोटा ठिपका म्हणजे नुसता संशोधकाचा तोटा, असं दर वेळी नसतं.

घाटवाट

हं. खरंय.

आजोबा_५२

वाचतोय, निम्मं डोक्यावरून गेलं, पण एक विचारतो. मागे नार्को, ब्रेन मॅपिंग फार गाजलं होतं. मेंदूच्या लहरी बघून आरोपीने गुन्हा केला की नाही ते कळतं म्हणत. पुण्यातच एक खटला झाला होता ना?

दशांश

नमस्कार आजोबा. हो, २००८मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात, खुनाचा. निकालात 'बिओस' नावाच्या चाचणीचा आधार घेतला होता. ती एफएमआरआय नव्हे, ईईजीची. आरोपीला डोक्याला तारा लावून वाक्यं ऐकवायची आणि 'हे या व्यक्तीने अनुभवलेलं आहे' अशी खूण लहरींत सापडते का ते शोधायचं. जगभर त्यावर चर्चा झाली. मग ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ठरवलं, की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग यांतलं काहीही करता येणार नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत टेनेसीच्या कोर्टात एकाने एफएमआरआयने स्वतःचा खरेपणा सिद्ध करायचा प्रयत्न केला. एका फेरीत मशिन म्हणालं, खोटं बोलतोय. मग 'तो दमला होता' म्हणून आणखी एक फेरी घेतली, तिच्यात तो खरा निघाला. न्यायाधीशांनी पुरावा नाकारला. इथे वर्स्ली लागत नाहीत. नापास झालो तर पुन्हा बसायची मुभा आणि गुणपत्रिका चांगलीच तेवढी दाखवायची, यातली गोम आपल्याकडे चौथीतलं पोरगंही सांगेल.

शिवाय खोटं बोलताना अमुक भाग उजळतो म्हणून तो भाग उजळला की माणूस खोटं बोलतोय, ही उलटी उडी आहे. तोच भाग अवघड बेरीज करताना, चहा हवा की कॉफी ठरवतानाही उजळत असेल.

तिरकीट

अवांतर: लग्न जमवताना वापरता येईल का? हलके घ्या.

मृद्गंध

थोतांड शब्द मागे घेतो, पण शंका राहतेच. आता एआय आहे. रेषा वगैरे आखण्यापेक्षा मशिनलाच शिकवा की, मेंदूचा नकाशा बघून ओळख म्हणावं.

रातराणी

होतं तसंही, आणि तुम्हाला वाटतं त्याहून जुनं आहे. २००१मध्ये जेम्स हॅक्स्बी यांनी दाखवलं, की एकेक वडीला पास-नापास करण्याऐवजी सगळ्या वड्यांचा मिळून जो नमुना होतो तो बघितला, तर माणूस चेहरा बघतोय, घर बघतोय, मांजर बघतोय की कात्री, ते ओळखता येतं. इथे सांगायला हवंच, की दोन नमुन्यांमधलं अंतर मोजायला आम्ही जे माप सर्रास वापरतो ते प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं, १९३६चं. त्यांनी ते माणसांच्या शरीराची मापं ताडून बघायला काढलं होतं. पॉलिंग यांचं हिमोग्लोबिनही १९३६. कुणाला ठाऊक होतं, हे दोघे एकाच मशिनमध्ये भेटणार आहेत!

पण यात खड्डा आहेच. ज्या डेटावर शिकवलं त्याच डेटावर परीक्षा घेतली, तर गुण शंभर टक्के पडतात. परीक्षेचा पेपर फोडून मग त्यातलेच प्रश्न 'अपेक्षित' म्हणून छापायचे आणि सगळे बरोबर आले म्हणून मिरवायचं. नुसत्या एआयचा हा रोग नाही. २००९मध्ये एडवर्ड वुल आणि सहकाऱ्यांनी भावना, स्वभाव यांच्यावरचे बरेच निबंध तपासले. निम्म्याहून अधिक ठिकाणी लोकांनी आधी सर्वांत जास्त संबंध दाखवणाऱ्या वड्या निवडल्या होत्या आणि मग त्याच वड्यांतला संबंध किती मोठा आहे ते छापलं होतं. निबंधाच्या मूळ मथळ्यात 'वूडू' (जादूटोणा) शब्द होता, छापण्याआधी तो काढायला लागला. लोक भयंकर चिडले होते म्हणे.

दशांश

रातराणी, सत्तर गटांचंही सांगून टाका की.

रातराणी

हो, राहिलंच. १०८ जणांचे स्कॅन ७० स्वतंत्र गटांना दिले. डेटा तोच, प्रश्न तेच, नऊ. 'हा भाग सक्रिय आहे का, हो की नाही' एवढंच सांगायचं. २०२०मध्ये निकाल आला: ७०पैकी कुठल्याही दोन गटांनी सगळ्या पायऱ्या सारख्या केल्या नव्हत्या. धूसर किती करायचं, हललेल्या डोक्याचं काय करायचं, रेषा कुठे. बऱ्याच प्रश्नांवर उत्तरं चांगलीच फाटली. गंमत म्हणजे रेषा मारण्याआधीचे नकाशे मात्र बऱ्यापैकी सारखे होते. म्हणून मी हल्ली निबंधात रेषेखालचं चित्रही फिकट रंगात दाखवते. परीक्षक कटकट करतात, करू देत.

पाटीपेन्सिल

हे फार आवडलं. पस्तीसला पास आणि चौतीसला नापास लिहिताना माझा हात दर वर्षी अडखळतो.

सुपारी

दशांश, आता सांगा. किती ताणाल?

दशांश

सांगतो. सर्जननी मधली रेषा घेतली नाही. सैल रेषेचा नकाशा घेतला, गाठीला भिडलेला, आणि तोही अंतिम मानला नाही. भावाला ऑपरेशनच्या मधल्या टप्प्यात जागं ठेवलं. मेंदूला दुखणं कळत नाही, त्यामुळे हे करता येतं. समोर चित्रं धरायची आणि त्याने 'हे अमुक आहे' असं पूर्ण वाक्य म्हणायचं. तेवढ्यात सर्जन मेंदूच्या एकेका जागी अगदी हलका विद्युतप्रवाह लावतात. बोलणं अडलं की ती जागा राखायची.

भाऊ म्हणतो, घोडा आला, केळं आलं, सायकल आली, सगळं फटाफट सांगत होतो. मग छत्री आली. "हे... हे..." छत्री आहे हे कळत होतं, उघडतात कशी, मिटतात कशी तेही. शब्दच येईना. प्रवाह काढल्याबरोबर तोंडातून निघालं, छत्री. त्या जागेवर त्यांनी कागदाचा एक बारका चौकोन ठेवला, आकडा लिहिलेला.

नंतर मी विचारलं, तो चौकोन नकाशावर कुठे येतो? डॉक्टरांनी स्क्रीन उघडला. कडक रेषेवर ती जागा करडी. मधल्या रेषेवरही करडी. पट्टी अगदी खाली आणल्यावर डागाच्या कडेला, फिकट लाल. आणि त्याच रेषेवर गाठीच्या पलीकडे आणखी एक ऐसपैस डाग होता. तिथे चार वेळा प्रवाह लावला, तरी हा शांतपणे चित्रं ओळखत राहिला होता.

गाठ सगळी निघाली नाही. कडेची थोडी ठेवली आहे, छत्रीपायी.

सुपारी

बाई गं. मामींना सांगा, आम्ही सगळे वाट बघतोय त्याच्या बोलण्याची.

तिरकीट

आणि 'म' चं पुढे काय? मटणाच्या पुढे गेला का?

दशांश

काल फोनवर विचारलं. म्हणाला, "मामी." मग जरा थांबून, "मोरी. मोदक. मेथी. आता ठेव, मॅच लागलीये."